रोहूचं माहेर

एका डोंगरावर एक गाव होतं आणि गावाच्या उशाला एक तळं होतं. तळ्याचं पाणी इतकं गार, की भर उन्हाळ्यात त्यात पाय घातला तर मस्तकात कळ जायची. या तळ्यात दगडांखाली बोटभर लांबीची, ठिपक्याठिपक्यांची मासळी राहायची. गावातले लोक तिला मुऱ्या म्हणत. दिसायला काही नाही, पण चव अशी, की कालवण खाल्ल्यावर माणूस बोटं चाटायचा आणि मग शेजाऱ्याच्या ताटाकडे बघायचा.

त्या तळ्यावर एक भोई होता. अंगाने काटक, कामाला वाघ, पण डोक्याने जरा ताठ. आणि मिशा अशा, की त्यांना रोज तेल लागायचं. बायकोच्या केसांना नसलं तरी चालेल, मिशीला हवं!

एकदा देवीच्या जत्रेला भोयाचा मेव्हणा घाट चढून आला. तो खालच्या मोठ्या नदीवरचा. भोईणीने भावासाठी मुऱ्यांचं झणझणीत कालवण केलं. मेव्हण्याने ताटात बघितलं आणि फिदीफिदी हसला.

"दाजी, ही मासळी आहे की मसाल्यातला कचरा? आमच्याकडे या. एकेक रोहू ताटात मावत नाही."

भोयाला ते लागलं. लागायचं काही कारण नव्हतं. पाहुण्याने हसावं, आपण वाढावं आणि गप्प बसावं. पण ज्याच्या मिशा मोठ्या त्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. तो तरातरा देवळापुढे गेला आणि पाटलासमोर, सगळ्या गावासमोर बोलून बसला, "पुढच्या जत्रेला या तळ्यात रोहूची पिल्लं पोहताना दाखवीन. याच तळ्यात जन्मलेली! नाही दाखवली तर देवीपुढे मिशी उतरवीन."

पाटील म्हणाला, "बघ हं. केस परत येतात, शब्द परत येत नाही."

पण ऐकतो कोण? भोई मेव्हण्याबरोबर खाली गेला आणि रोहूची एक जोडी हंड्यात घालून, कावडीने वर घेऊन आला. तळ्यात सोडली. सगळं गाव बघायला लोटलं. त्या जोडीचे लाड तरी किती! कोणी भात टाकतंय, कोणी भाकरी कुस्करतंय, कोणी सणाची पुरणपोळीसुद्धा. मासे खात होते, सावकाश वाढत होते. पिल्लांचा मात्र पत्ता नाही.

उन्हाळा सरत आला तशी मादीचं पोट दिसायला लागलं. झालं! गावाला दुसरा विषयच उरला नाही. सुईण काठावर उकिडवी बसली, पाण्यात डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "पोटुशी आहे. आता आजउद्याच."

मग बायकांनी काय करावं? माशाचं डोहाळजेवण केलं! काठाला रांगोळी, हिरवा खण, नारळ, पाच प्रकारचा भात. गाणी म्हटली. रोहू आपली पाण्यातून वर बघत होती. तिला काय कळणार? ती भात खाऊन खाली गेली.

पाऊस सुरू झाला, दिवसामागून दिवस उलटले. अंडी नाहीत, पिल्लं नाहीत. पोट मात्र ताणून दगडासारखं झालं. रोहू खायची बंद झाली. एका कुशीवर कलून काठाशी पडून राहू लागली. नर तिच्याभोवती नुसता घिरट्या घालायचा.

पाटील म्हणाला, "या मुऱ्यांचं काम आहे हे. रोहू अंडी घालत असणार आणि या चोरट्या खात असणार. मुऱ्या साफ कर तळ्यातून."

भोयाला ते पटलं. स्वतःची चूक दुसऱ्याच्या अंगावर टाकायला मिळाली की माणसाला फार लवकर पटतं. तो बारीक जाळं खांद्यावर टाकून निघाला. भोईण काठावर आडवी उभी राहिली.

"कुठे निघालात?"

"मुऱ्या काढायला. एक ठेवत नाही."

"आणि हिवाळ्यात गाव काय खाणार? तुमच्या मिशा?"

"अगं, त्या अंडी खातात!"

"घातलीत कुठे तिने, खायला? पोट दिसत नाही का तुम्हाला? भरलेलं आहे अजून." भोईणीने कमरेवर हात ठेवले. "मला एक सांगा. डोहाळजेवण झालं, ओटी भरली. मग पुढे काय करायचं असतं?"

"काय करायचं असतं?"

"माहेरी पाठवायचं असतं! माझ्या पहिल्या बाळंतपणाला तुम्हीच गाडी जुंपून मला घाट उतरवलंत ना? तेव्हा इथे काय घर नव्हतं? पहिलटकरीण आहे ती. इथलं पाणी बर्फासारखं. तिच्या माहेरी कोमट पाणी, नदीला पूर, काठाच्या उथळ पाण्यात गवत. तिथे मोकळी होईल ती. इथे गोठून मरेल."

जवळच पाटील उभा होता. तो म्हणाला, "भोया, नीट विचार कर. खाली नेलीस तर पिल्लं तिकडे होतील. तू 'याच तळ्यात जन्मलेली' म्हणाला होतास. मिशी जाईल."

भोयाने मिशीला हात लावला. मग रोहूकडे बघितलं. ती कलंडून पडली होती, कल्ले कसेबसे हलत होते. ताठ माणूस होता तो, पण दुष्ट नव्हता. जाळं त्याने खाली टाकलं.

"न्हाव्याला बोलवा," तो म्हणाला. "आणि हंडे आणा."

देवीपुढे मिशी उतरली. भोयाने ओला हात उघड्या ओठावरून फिरवला, कावड उचलली. एका हंड्यात रोहू, दुसऱ्यात तिचा नवरा.

"बाळंतपणाला नवरा कुठे जातो?" पाटील हसला.

"माशांत जातो," भोईण म्हणाली. "आमच्यात गेले असते तर अक्कल लवकर आली असती."

वाटेत झऱ्याझऱ्याला पाणी बदलत भोई घाट उतरला. नदीला गढूळ, कोमट पूर होता. त्याने जोडीला काठच्या उथळ पाण्यातल्या गवतात सोडलं. क्षणभर रोहू तशीच पडून राहिली. मग शेपटी हलली, पाणी उडालं आणि दोघं गवतात दिसेनाशी झाली.

मेव्हणा धावत आला. "दाजी! मिशी कुठे?"

"तुझ्या भाचरांच्या बारशाला खर्ची पडली," भोई म्हणाला.

आणि खरंच, थोड्याच दिवसांत त्या उथळ पाण्यात पिल्लंच पिल्लं झाली, मुठीने राळे पेरावेत तशी. ती जरा मोठी झाल्यावर भोयाने हंडे भरून वर नेली. गार पाण्यात ती हळूहळू वाढली, पण वाढली. भोयाने तेव्हापासून रीतच पाडली: पोटुशी मादी खाली माहेरी, वाढती पिल्लं वर सासरी. मुऱ्यांना कोणी हात लावला नाही. त्या आपल्या दगडांखाली, आपल्याच गार पाण्यात, न सांगता न विचारता पिल्लं घालत राहिल्या.

दोन वर्षांनी जत्रेला मेव्हणा पुन्हा आला. ताटात रोहूचा तुकडा होता, वाटीत मुऱ्यांचं कालवण. मेव्हण्याने वाटी आधी चाटून संपवली आणि पुढे सरकवली.

"ताई, हे आणखी आहे का?"

"कचरा हवाय होय रे?" भोईण म्हणाली आणि वाटी काठोकाठ भरली.

भोई गालातल्या गालात हसला. मिशी परत आली होती, जरा आखूड. त्याने ती तशीच ठेवली.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: पाहुण्याला घरी आणून पोटभर जेवू घालता येतं, पण त्याचं माहेर काही हंड्यात घालून आणता येत नाही. जो जिथे फळतो तिथे त्याला जाऊ द्यावं, आणि आपल्या दारचं जे न मागता फळतं त्याला कचरा म्हणू नये.