शमशेर कोंबड्याची सासुरवाडी

धारेराव राजाचा शमशेर कोंबडा गढीची भिंत ओलांडून गावात हिंडू लागला, आणि गावातल्या कोंबड्यांच्या पिल्लांवर संकट आलं!

शमशेर म्हणजे राजाचा जीव की प्राण. "आम्हांला तो पोटच्या पोरासारखा!" असं राजा भर दरबारात सांगायचा. मान तांबडीलाल, शेपूट असं की मोराने लाजावं. त्या साली ज्या घरी पाहावं त्या घरी तांबड्या मानेची पिल्लं चिवचिवू लागली. राजाने ती सज्जातून पाहिली आणि मांडीवर थाप मारली.

"ही तर आमच्या शमशेरची लेकरं! लेकरू बापाच्या घरचं. पिटा दवंडी! रविवारी सारी पिल्लं गढीत जमा झाली पाहिजेत."

"आणि कुणी नाही म्हटलं तर, महाराज?" कारभारी नारोपंतांनी विचारलं.

"तर त्याने सिद्ध करावं, की पिल्लाच्या अंगात शमशेरचं रक्त नाही!"

आता हे कुणी आणि कसं सिद्ध करायचं? कोंबडीला विचारावं, तर ती मान वाकडी करून आपल्याकडेच बघणार!

दवंडी गावातल्या बिरूनेही ऐकली. गढीच्या भिंतीला लागूनच त्याचं खोपटं. दारात खुराडं, खुराड्यात एकच कोंबडी. तिचं नाव ठिपकी. ती त्याच्या थोरल्या बहिणीची, साळूची. ठिपकी खुडूक झाली तेव्हा साळूनेच एकेक अंडं उजेडाला धरून निवडलं, पाटीत भुसा घातला आणि तिला अंड्यांवर बसवलं. "बिऱ्या, मांजरावर डोळा ठेव रे," म्हणाली. मग साळूला ताप भरला. पिल्लं बाहेर आली तेव्हा बघायला साळू उरली नव्हती.

आणि ती पिल्लं राजा नेणार?

बिरू तडक गढीवर गेला. आधी विचार आणि मग बोलणं, हे त्याला जन्मात जमलं नव्हतं.

"देणार नाही!" तो दारातूनच ओरडला. "अंडी आमची, ऊब आमच्या कोंबडीची, कण्या आमच्या! तुमच्या कोंबड्याने केलं काय? नुसती बांग दिली!"

दरबारात खसखस पिकली. राजाचे कान तापले. "असं? मग पिल्लांबरोबर कोंबडीही जमा कर! आई लेकरांजवळच शोभते."

झालं! पिल्लं वाचवायला गेला आणि ठिपकीलाही घालवून आला.

बिरू घरी येऊन खुराड्यापुढे मटकन बसला. एवढ्यात भिंतीवरून फडफडत शमशेर उतरला आणि ठिपकीपुढच्या कण्या टिपू लागला. बिरूने वहाण उचलली.

"फुकट्या! रोज येतोस, जेवतोस, छाती काढून मिरवतोस. जसा काही या घरचा जावईच—"

वहाण हातातच राहिली. बिरू शमशेरकडे बघत राहिला आणि खो खो हसला. साळू गेल्यापासून पहिल्यांदाच! मग उठला आणि गावभर घरोघर फिरून आला.

रविवारी गढीच्या दारात सनई वाजली. राजा धावतच बाहेर आला. बघतो तो पुढे बिरू, त्याच्या डोक्यावर डालगं, डालग्यात मुंडावळ्या बांधलेली ठिपकी आणि तिची पिल्लं. मागे सारा गाव! ज्याच्या त्याच्या काखेत कोंबडी, जिच्या तिच्या ओच्यात पिल्लं.

"हे काय सोंग आहे?" राजा गरजला.

"वऱ्हाड आलंय, व्याहीबुवा!"

"व्याहीबुवा? कुणाला म्हणतोस रे?"

"तुम्हांलाच! शमशेर तुमचा पोरगा, आणि तो या पिल्लांचा बाप, हे तुमचंच म्हणणं. पण आमच्या पोरीचं लग्न राहिलंय ना! ठिपकी माझ्या बहिणीची लेक. मी तिचा मामा. मामाने पोरीला आणलंय, आता नवरदेवाला काढा बाहेर. पंत, धरा अंतरपाट!"

"अरे गाढवा, कोंबड्याचं कधी लग्न होतं?"

"नाही होत? मग नातं जुळलं नाही. नातं नाही, तर बापाचा हक्क कसला? चला रे मंडळी, घरी!"

"थांबा!" राजा हट्टाला पेटला. "धारेराव शब्द मागे घेत नसतो. लावा लग्न! सगळ्यांची लावा!"

आता मात्र गावकऱ्यांचे चेहरे उतरले. पण बिरूने नाक वर करून हुंगलं. मुदपाकखान्यातून वाटणाचा खमंग वास येत होता.

"महाराज, हा वास कसला हो?"

"तांबड्या रश्श्याचा मसाला!" राजाने मिशीवर हात फिरवला. "एवढ्या कोंबड्या येणार म्हटल्यावर आचारी पहाटेपासून वाटतोय."

"वा! मग लग्न लागलं की पंगत बसवा. आम्ही व्याही तुमच्या शेजारी बसतो. फक्त एवढं सांगा, ताटात आधी सुना वाढणार की नातवंडं?"

राजाचा मिशीवरचा हात तिथेच थांबला. त्याने डालग्यातल्या पिल्लांकडे पाहिलं, मग मुदपाकखान्याकडे, मग पुन्हा पिल्लांकडे. आणि असा हसत सुटला, की पागोटं घरंगळून नारोपंतांच्या पायाशी गेलं!

"हरलो रे, मामा, हरलो! पंत, आचाऱ्याला सांगा, आज पिठलं कर! ज्याची त्याची पिल्लं ज्याच्या त्याच्या घरी. आणि आमचा पोरगा जिथे जिथे जेवायला जातो, त्या त्या घरी दर महिन्याला जोंधळ्याचं पोतं पाठवा. जावई फुकटा म्हणवून घेणार नाही!"

मग राजाने स्वतःचं पागोटं उचलून बिरूच्या डोक्यावर ठेवलं. "हा मामाचा आहेर. आणि विहीणबाई कुठे आहेत? त्यांना साडी द्यायला हवी."

"ती नाही, महाराज," बिरू म्हणाला. "पण साडी द्या. थंडीत खुराड्यावर घालीन. तिच्या लेकीला ऊब लागेल."

राजा स्वतः आत गेला आणि राणीच्या पेटीतलं हिरवंगार लुगडं घेऊन आला. तेवढ्यात शमशेर सज्जातून झेपावला आणि थेट ठिपकीच्या डालग्यावर जाऊन बसला!

"बघा, बघा!" राजा पोट धरून हसू लागला. "लग्न लागायच्या आधीच निघाला सासुरवाडीला!"