एक गाठ वर

एकदा एका कोष्टिणीचा उजवा खांदा धरला. चार महिने झाले, हात कानापर्यंत जाईना. धोट्याची दोरी ओढता येईना, तेव्हा माग विकायची बोलणी घरात सुरू झाली आणि तिने घाबरून वृद्ध वैद्यांना बोलावणे धाडले.

वैद्य आले, मागोमाग औषधांची पेटी सांभाळत त्यांची शिष्या. वैद्यांनी खांदा चाचपला. हाड शाबूत होते, सूज नव्हती. मग ते नुसते घरभर पाहत राहिले. ओल्या सुताच्या लडी वाळत घालायचा बांबू कमरेइतका खाली बांधलेला होता.

"सुनेनं केलंय हो," कोष्टीण कौतुकाने म्हणाली. "म्हणते, सासूबाई, तुम्ही हात वर करायचाच नाही. वेणीसुद्धा तीच घालते माझी."

वैद्यांनी पेटी उघडलीच नाही. त्यांनी बांबूच्या दोऱ्या सोडल्या आणि तो तिच्या खांद्याच्या किंचित वर नेऊन बांधला. "लडी रोज हिनेच घालायच्या, ह्याच हाताने. दर आठवड्याला बांबू एक गाठ वर घ्यायचा."

पहिली लड टाकतानाच कोष्टीण कळवळली. "आई गं! वैद्य आहात की वैरी?"

शिष्या दचकली. परतताना तिला राहवेना. "गुरुजी, निदान लेप तरी द्यायचा होता. ती रडत होती हो."

वैद्य थकून पारावर टेकले. हल्ली त्यांचाही खुबा आखडत असे. तो दाबत ते म्हणाले, "पोरी, न वापरलेला सांधा आक्रसत जातो. सुनेने मायेने बांबू खाली आणला. खांदा त्याच्यामागे खाली आला. सोसेल इतकेच हलवायचे, पण रोज. फार कंटाळवाणे औषध आहे हे. घेणाऱ्यालाही, देणाऱ्यालाही."

तीन महिन्यांनी सून नव्या लुगड्याची घडी घेऊन आली. "सासूबाईंनी विणलंय. रोज तुम्हाला शिव्या घालतात, पण मागावर बसतात."

ती गेल्यावर शिष्येचे लक्ष गुरुजींच्या बैठकीकडे गेले. पाण्याचा तांब्या, पोथी, पानाचा डबा, सारे हाताशी होते. खुबा दुखू लागल्यापासून तिनेच ते तसे मांडले होते. आणि गुरुजी सकाळपासून उठलेच नव्हते.

तिने तांब्या उचलला आणि ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

गुरुजींनी एकदा तांब्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे.

"वैरीण," ते पुटपुटले, आणि भिंतीला धरून सावकाश उठले.