शेपटीवरची चौथी

ते राज्य एका म्हशीच्या झोपेत होतं. तिथले डोंगर, बाजार, देवळं, भाऊबंदकी, सगळं काही म्हैस झोपलेली असेतोवर. राज्यातल्या लोकांना याची कल्पना नव्हती, आणि नव्हती तेच बरं. आपण एका म्हशीच्या डुलकीवर जगतो हे कळलं असतं तर कुणी मुलांची लग्नं ठरवली नसती की आंब्याचं झाड लावलं नसतं.

म्हशीला स्वतःला विचार करायची सवय नव्हती. ते काम तिच्या अंगावर बसणारे बगळे करायचे. डोळे मिटायचे, एक पाय पोटाशी घ्यायचा आणि झोपेतलं राज्य चालवायचं. कपाळावरचा बगळा उजाडणं-मावळणं बघायचा. शिंगावरच्याकडे जे जे पुढे घुसतं ते होतं: नांगराचे फाळ, बाण, जत्रेतली गर्दी. पाठीवरचा ओझी वाहायचा. आणि शेपटीवरच्या बगळीकडे होतं जे जाऊन परत येतं ते: झोके, पाळणे, कुत्र्यांची शेपटं, माहेरवाशिणी.

त्यांची नावं कोतवालाने ठेवली होती. कोतवाल म्हणजे तो काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. राज्याचा कारभार बघ असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण नावच कोतवाल असल्यावर सांगायला कशाला लागतं. जो ज्या क्रमाने आला तो क्रम हेच त्याचं नाव, अशी त्याची रीत. पहिला, दुसरा, तिसरा, चौथी. बगळीचा पाय वाटेत चिखलात रुतला, ती सगळ्यांच्या मागून पोचली आणि जन्माची चौथी झाली. हे तिच्या मनाला फार लागलं होतं.

एका दुपारी राज्यात सामसूम होती. नांगर बांधावर पडलेले, बाजार ओस. शिंगावरच्या दुसऱ्याला काहीच काम उरलं नाही, तेव्हा कोतवालाने त्याला मोकळं केलं आणि तो खुशीत बेडूक धरायला गेला. चौथीने लगेच संधी साधली.

“कोतवालसाहेब, दुसरा गेला. आता तिसऱ्याला दुसरा करा आणि मला तिसरी.”

“दिलेलं नाव बदलत नसतं,” कोतवाल म्हणाला. “तू चौथीच.”

“मधलाच नाही तर मी चौथी कशी?”

“मी म्हणतो म्हणून.”

चौथी फुरंगटून बसली. त्या दुपारी राज्यातल्या कुत्र्यांनी नीट शेपटं हलवली नाहीत.

एवढ्यात म्हशीचा कान हलला. म्हणजे जाग येणार. अशा वेळी राज्य हलवावं लागे. तळ्याच्या पलीकडे दुसरी म्हैस झोपलेली असे. तिच्या अंगावर रिकाम्या डोक्याचे बगळे बसवायचे, मग इकडच्या एकेकाचा अर्धवट विचार कोतवालाने चोचीत धरून तिकडे न्यायचा आणि त्याच नावाच्या बगळ्याच्या कानात सोडायचा. काम नीट झालं तर राज्यात कुणाचा घाससुद्धा तोंडाशी अडत नसे.

कोतवालाने इकडची डोकी मोजली. तीन. तिकडे जाऊन त्याने तीन बगळे बसवले, पुढून सुरुवात करून: एक कपाळावर, एक शिंगावर, एक पाठीवर. पहिला, दुसरा, तिसरा. मोजणी अगदी चोख होती. पहिल्याचा विचार पहिल्याला मिळाला, तिसऱ्याचा तिसऱ्याला. मग तो चौथीपाशी आला आणि तिथे घोडं अडलं.

“तिकडे चौथं कुणी नाहीच,” तो म्हणाला. मग जरा विचार करून त्याने छाती फुगवली. “पण तिकडचा दुसरा रिकामा आहे. चल, तुला दुसरी केली. शिंगावर.”

चौथीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शिंगावर! तिच्याकडे तेव्हा दोन विचार अर्धवट होते. एक, कुण्या मुलीचा झोका. दुसरा, एका घरातलं बारसं: पाळण्याच्या अलीकडे आई, पलीकडे आत्या, आणि बाळ पाळण्यावरून आईच्या हातातून नुकतंच सुटलेलं, आत्याच्या हातात अजून पोचायचं होतं. आत्या ते घेणार, कानात नाव सांगणार आणि परत देणार.

“आधी झोका न्या,” ती म्हणाली. बढती अंगाला बसते का ते तिला बघायचं होतं.

कोतवालाने झोका नेला आणि शिंगावरच्याच्या कानात सोडला. झोका पुढे गेला. आणखी पुढे गेला. कुंपणावरून, गोठ्यावरून, चिंचेच्या शेंड्यावरून, आणि परत म्हणून येईना. शिंगावरच्याला पुढे जाणं तेवढं ठाऊक. मुलगी आधी खिदळत होती, मग तिने दोर घट्ट धरले आणि आईला हाका मारायला लागली.

“जरा लांब गेला, एवढंच,” कोतवाल म्हणाला. “आता ते बारसं दे.”

चौथीने बाळाकडे पाहिलं. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या आणि अजून त्याला नावही नव्हतं. शिंगावरच्याच्या हाती गेलं तर ते आत्याच्या हातांवरून पुढे जाईल, भिंतीच्या पार, आणि मग कुठे, ते तिलाही सांगता येईना. म्हशीचा कान दुसऱ्यांदा हलला.

“नाही देणार,” ती म्हणाली. “मला दुसरी व्हायचं नाही. तिकडे शेपटीवर कुणाला तरी बसवा आणि हे त्याला द्या.”

“पण हाक काय मारू? चौथी म्हणावं तर तिकडे तिघंच.”

“मी कुणाच्या मागून आले ते कशाला धरून बसलाय? पाय रुतला म्हणून उशीर झाला. मी उभी कुठे आहे ते बघा. मी शेपटीवरची.”

“शेपटकर,” कोतवालाने शब्द तोंडात घोळवून पाहिला. त्याला तो आवडला, आणि पंख झटकेपर्यंत तो त्याचा स्वतःचाच झाला होता. “माझ्या मनात हेच होतं. हा कपाळकर, हा पाठकर, तू शेपटकर. आणि शिंगकर... पण इकडे शिंगावर तर कुणी नाही.”

“शिंग आहे ना,” ती म्हणाली.

कोतवाल उडत पलीकडे गेला आणि शिंगावरच्याला त्याने चोचीने ढोसून शेपटीवर नेलं. “माझं काय चुकलं?” असं तो विचारत राहिला, उत्तर द्यायला कुणाला वेळ नव्हता. पण तो शेपटीवर टेकला मात्र, आणि झोका चिंचेवरून मागे फिरला. मुलगी अंगणात पोचली आणि डोळे पुसत म्हणाली, “पुन्हा.”

मग बगळीने डोळे मिटले. कोतवालाची चोच कानाशी आली, क्षणभर सगळं काळं झालं.

तिने डोळे उघडले तेव्हा शेपटी जरा आखूड होती आणि माश्या जास्त होत्या. आत्याच्या हातात बाळ होतं. “जड झालंय गं,” आत्या म्हणाली. शेपटकरच्या जिवात जीव आला. तळ्यापलीकडे पहिली म्हैस उठून अंग झाडत होती. तिच्या शेपटीवरून एक पांढरी बगळी उडाली, काठावर उतरली आणि कसलाही विचार न करता एक बेडूक गिळून मोकळी झाली. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते, असं शेपटकरला वाटलं, पण आठवेना.

संध्याकाळी दुसरा परत आला, पोट तट्ट फुगलेलं. म्हैस निराळी, बगळे निराळे. तो बावरून घिरट्या घालत राहिला.

“मी आता कितवा?” त्याने विचारलं.

कुणी डोळे उघडले नाहीत. कपाळ भरलेलं होतं, पाठ भरलेली होती, शेपटी भरलेली होती. शिंग रिकामं होतं. तो उतरला, बसला, आणि बसण्यासाठी कुणालाच सरकावं लागलं नाही.

आत, झोपेत, आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, हळूच नाव सांगितलं आणि पाळण्यावरून ते परत दिलं. अलीकडे आईचे हात, बाळ सुटलं तेव्हा जसे होते तसेच, रिकामे पसरलेले होते.