तुळजाची घागर

करंजदरीच्या ओढ्याकाठच्या मठात वेळूनाथ महाराज मुक्कामाला आले आणि त्या आडवळणी गावाचे भाग्य उजळले. मठात त्या दिवशी भंडारा होता. बुंदीचा पाक रंगभट आचाऱ्यांच्या हातचा. पाकाची तार बोटांनी जोखावी तर त्यांनीच! या हाताचा त्यांना भारी ताठा.

तुळजा परटीण सेवा म्हणून पाण्याची घागर घेऊन आली. रंगभटांनी तिला उंबऱ्याबाहेरच अडवले. "तुझं पाणी सोवळ्यात चालेल होय? ओत त्या केळीला!" मंडळी हसली. तुळजा घागर घेऊन पायरीवर बसून राहिली.

थोड्याच वेळात झारा निसटला आणि रंगभटांचा उजवा हात मनगटापर्यंत उकळत्या पाकात गेला. केवढी ती किंकाळी! "तूप लावा, तूप!" ते ओरडू लागले. कुणी शेण आणायला धावले.

महाराज उठून आले. म्हणाले, "तूप बुंदीला राहू द्या. शेण तर नकोच. आधी गार पाणी."

पण हंडे रिते होते, पाणके नुकतेच ओढ्यावर गेलेले. पाणी होते ते एकट्या तुळजाकडे.

"तिचं नको, महाराज! सोवळं मोडेल!"

"सोवळं उद्या पुन्हा नेसाल, रंगभट. हात कुठून आणाल?"

बोटे सुजण्याआधी महाराजांनी रंगभटांची अंगठी अलगद काढली. कातडीला चिकटलेला पाक ओढला नाही. "माय, बारीक धार धर," ते तुळजाला म्हणाले.

भजन सुरू झाले. एक अभंग संपला, दुसरा संपला, तिसराही झाला, धार तशीच. एवढीशी ती घागर! मंडळी माना उंचावून घागरीत डोकावू लागली. पाणी येते कुठून? खरे सांगायचे तर आम्हालाही ते आजवर उमगलेले नाही.

आग शमली तेव्हाच महाराज "पुरे" म्हणाले. हातावर धुतलेले धोतर सैलसर गुंडाळले. "फोड आले तर फोडू नका. गाडी जुंपा, यांना दवाखान्यात न्या."

रंगभटांनी विचारले, "महाराज, पाणी सरलं कसं नाही?"

"घागर काय माझ्या हाती होती? तिला विचारा."

रंगभट पहिल्यांदाच तुळजाकडे वळले. "बाई, आत किती पाणी होतं?"

"ठावं न्हाई, भटजीबुवा. म्या घागरीत बघितलंच न्हाई. तुमच्या हाताकडं बघत व्हते."

रंगभटांचे डोळे भरून आले. ते मटकन खाली बसले आणि त्यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले.

"अवो, उठा की!" तुळजा घाबरून म्हणाली. "हाताला धक्का लागंल!"