चढणीवरचं गाणं

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुन्या ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. शहर मात्र मोठं होतं. खाली नदी, वर डोंगर, आणि उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली घरं. सपाट रस्ता औषधालाही नव्हता. आणि गलका केवढा! तांबटांचे हातोडे, धोब्यांची आपटधोपट, भाजीवाल्यांच्या आरोळ्या, नावाड्यांच्या हाका. नवखा माणूस पहिल्या दिवशी कानांत बोटंच घालायचा.

तिथल्या राजाला एकदा वाटलं, एवढं मोठं आपलं शहर, पण त्याचं स्वतःचं असं गाणं नाही. त्याने दरबारातल्या गवयाला बोलावलं.

"बुवा, नगरोत्सवाला नऊ दिवस उरलेत. त्या दिवशी साऱ्या शहराच्या तोंडी बसेल असं गाणं हवं."

गवई मोठा विद्वान, गळाही गोड, पण जिभेला हाड नव्हतं. तो म्हणाला, "महाराज, लोकांनी माझं गाणं उचललं नाही, तर मी हे शहर सोडून जाईन. फक्त मला शांतता द्या. या गोंगाटात सूर कसा सापडायचा?"

घ्या! स्वतः पैज लावली ती लावली, वर गावाची तोंडं बंद केली. लगेच दवंडी पिटली गेली. उत्सवापर्यंत कुणी हातोडा उचलायचा नाही, कुणी आरोळी द्यायची नाही.

तांबट हात बांधून बसले. लग्नाचे हंडे अर्धेच राहिले. भाजीवाले मुकाट्याने दारोदार फिरू लागले, आणि भाज्या टोपल्यांत सुकून गेल्या. शहर आजारी माणसासारखं गप्प पडलं.

सातव्या दिवशी गाणं तयार झालं. लांबच लांब ताना, नाजूक हरकती. गवई पायऱ्यांवर येऊन गायला. लोकांनी माना डोलावल्या, "वा बुवा!" म्हणाले, आणि आपापल्या वाटेने गेले. गुणगुणलं मात्र कुणीच नाही. गवयाला आपली पैज आठवली. जन्म याच शहरातला. इथून जायचं तर कुठे, हे त्याने कधी मनातच आणलं नव्हतं.

तेवढ्यात चंद्राक्का दहीवाली डोक्यावर मडकं घेऊन चढत आली. गवयाने तिला गाण्याची पहिली ओळ ऐकवली आणि काकुळतीने म्हणाला, "आक्का, तुम्ही तरी म्हणून बघा."

तिने सुरुवात केली आणि तिसऱ्याच पायरीवर तिला ठसका लागला. मडकं उतरवून ती म्हणाली, "बुवा, गाणं लई ग्वाड हाय. पण एवढा दम कुठनं आणू? हितं चार पायऱ्या चढल्या की श्वास घ्यावा लागतो, आणि तुमच्या गाण्यात श्वास घ्यायला जागाच न्हाई! हे बसून म्हणायचं गाणं. आमी बसतो कवा?"

"मग चढताना तुम्ही काय म्हणता?"

"आरोळी देते की. म्हंजे देत हुते. तुमच्यापायी ती बी बंद झाली!"

गवई शरमेने लाल झाला. आयुष्यभर तो या पायऱ्या मेण्यात बसून चढला होता. या वेळी मात्र तो पायीच राजाकडे गेला.

"महाराज, बंदी उठवा."

"अहो, शांतता तुम्हीच मागितली होती ना?"

"मागितली, आणि चुकलो. दोन दिवस उरलेत. ते सगळे आवाज मला परत द्या."

पुन्हा दवंडी पिटली. तांबट आळीत पहिला घाव पडला आणि अख्ख्या शहराने हुश्श केलं. गवई दोन दिवस चंद्राक्काच्या मागे मागे पायी हिंडला. तिची आरोळी चार पायऱ्यांनी थांबायची, एक श्वास घ्यायची, मग पुढे जायची. तिघे तांबट मिळून एक हंडा ठोकत, दोन हलके घाव आणि एक जड. घाटावरून नावाडी हाक देई, ती वर पोचली की वरून कुणीतरी ओ देई. गवयाने आपल्या ताना बाजूला ठेवल्या आणि हेच सारं सुरांत बांधलं.

उत्सवाच्या दिवशी वरच्या पायरीवरून त्याने पहिली ओळ म्हटली. ती कुणी उचलेना. संपलं, आता गाठोडं बांधायचं, असं त्याला वाटलं.

आणि मधल्या पायऱ्यांवरून चंद्राक्काने ती ओळ उचलली. चार पायऱ्या, एक श्वास, पुन्हा चार पायऱ्या. तांबटांनी ठेका धरला. गवयाने पुढची ओळ म्हटली, ती घाटावरून नावाड्यांनी उचलली, तिला वरच्या आळीने उत्तर दिलं. बघता बघता सगळा उतार गाऊ लागला. राजासुद्धा ठेक्यावर मान हलवू लागला.

गवई मटकन खाली बसला. "वाचलो रे देवा!" म्हणत तो हसूही लागला आणि रडूही लागला. चंद्राक्काने त्याच्या हातात दह्याची वाटी दिली. "खावा बुवा. घसा पार बसलाय तुमचा."

गवई त्याच शहरात राहिला. उत्सव संपला, तरी ते गाणं लोक कामं करता करता म्हणत राहिले, आणि हे कुणी रचलं, याची चौकशी कुणी केली नाही. गवयाला त्याचाच आनंद वाटला.

म्हणून सांगतो, लोकांच्या ओठी बसणारं गाणं हवं असेल, तर आधी त्यांच्या वाटेने पायी चालावं आणि त्यांचे आवाज ऐकावेत.