पाठ केलेला दुखवटा

एकदा एक शिष्य भल्या सकाळी आपल्या वृद्ध गुरुजींकडे आला. गुरुजींचा उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेलेला. शिष्याच्या काखेत दुखवट्याचे लुगडे होते, माहेरचे म्हणून बहिणीला द्यायचे. तिचा नवरा गेला होता. त्याच मेहुण्यांनी याला पोटच्या पोरासारखे शिकवले. पण ते अंथरुणाला खिळले तेव्हा हा शहरातून एकदाही फिरकला नाही. आता ताईसमोर कोणत्या तोंडाने जावे?

"काय बोलणार आहेस तिच्याशी?" गुरुजींनी विचारले.

शिष्याने पाठ केलेले म्हणून दाखवले. प्रारब्ध, आत्म्याचे अमरत्व, मग हळूच नोकरीतल्या अडचणी आणि रजेचे नियम.

"वा, वकीलसाहेब!" गुरुजी म्हणाले. "थंडी वाजतेय रे. त्या चादरीची घडी घाल जरा."

शिष्याने घडीवर घडी घातली. गुरुजींनी तो उशीएवढा गठ्ठा छातीशी धरला आणि डोळे मिटून बसले. कुडकुडणे काही थांबेना.

"अहो गुरुजी, उलगडा तरी! अशानं ऊब येते होय?"

"मग तुझ्या ताईला कशी येईल?"

गुरुजींनी तो गठ्ठा बाजूला ठेवून विचारले,

"सिंपल म्हणजे काय?"

"साधं, सोपं."

"ते परीक्षेपुरतं. शब्द मूळ लॅटिनमधला. अर्थ, एकाच घडीचं. आत काही दडवायला जागाच नाही. बाळा, दुःखी माणसाकडे फार घड्या घालून जाऊ नये. तिला पांघरूण हवंय, आणि तू आपलं तोंड झाकतोयस."

बहिणीच्या घरी आयाबाया जमल्या होत्या. त्याने लुगडे तिच्या मांडीवर ठेवले.

"ताई, मी यायला हवं होतं. आलो नाही."

बहीण बराच वेळ लुगड्याचा काठ चाचपत राहिली.

"दार वाजलं की हे विचारायचे रे, 'तो आला का?'"

यावरचे उत्तर त्याला पाठ होते. ते त्याने दिले नाही. तिच्याजवळ भुईवर बसून राहिला.

तेव्हा तिने त्या कोऱ्या लुगड्याची घडी मोडली, आणि इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी बसलेली ती बाई त्यात तोंड खुपसून मोठ्याने रडली.