हौसाआत्याच्या डेअरीचा पासवर्ड

एका गावात गेनू नावाचा एक भोळा माणूस होता. दारावर ‘ढकला’ लिहिलेलं दिसलं, की उघडं दारही ढकलूनच आत जायचा. त्याच्या हौसाआत्यानं त्याला आपल्या दूध डेअरीत कॉम्प्युटरचं काम दिलं.

“गेन्या, मुख्य पासवर्ड तू ठेव. त्यानं भाव, नावं, लिटर, सगळंच बदलता येतं. कुणालाही सांगू नको!”

“नाही सांगत.”

सकाळी टँकर आला. आत्या म्हणाली, “सांग पासवर्ड, पावती काढायचीय.”

“नाही सांगणार. कुणालाही म्हणजे कुणालाही.”

“अरे मेल्या, मी तुझी आत्या!”

“आत्या झाली म्हणून काय झालं?”

टँकर रिकामा गेला. दूध नासलं. गाव दोन दिवस कलाकंद खात बसलं.

आत्यानं कपाळ बडवलं. “अरे, ओळखीच्या माणसाला सांगावा!”

“बरं.”

गेनूची तर अख्ख्या गावाशी ओळख. त्यानं पारावर उभं राहून पासवर्ड सांगितला. उशिरा आलेल्यांना पुन्हा सांगितला. त्या दिवशी बाळकूच्या एकुलत्या शेळीनं चाळीस लिटर दूध दिलं. शेळीला याची काही कल्पना नव्हती.

टँकरवाला भडकला. “हौसाबाई, उद्या घोळ झाला तर मी परत फिरकायचो नाही!” डेअरी बुडायची वेळ आली. आत्याला रडूच फुटलं.

“गेन्या, पाया पडते तुझ्या! पासवर्डच नको. तोंड बघून उघडेल असं कर. सगळ्यांचे हक्क काढ नि एकालाच दे. जो फितणार नाही, ज्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही, असा कुणीतरी बघ!”

गेनूनं गावभर शोधलं. सरपंच बोलतो. पोस्टमन बोलतो. आपण स्वतः तर झोपेतही बोलतो. गोठ्यात आत्याची म्हैस चंद्री मुकाट उभी होती. गेनूनं तिला कॅमेऱ्यासमोर आणली. कॉम्प्युटरही गेनूच्याच वळणाचा. त्यानं चंद्रीला मुख्य अधिकारी करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी टँकरचा भोंगा वाजला. गाव कॅन घेऊन उभं.

“उघड, गेन्या!”

“मला कुठं हक्क आहे? चंद्रीला आहे.”

“कुठली चंद्री?”

“आपली म्हैस.”

भाकड म्हैस फुकट पोसायची कशाला, म्हणून आत्यानं चंद्री पहाटेच विकली होती. आणि दावं सोडून व्यापाऱ्याच्या हातात देणारा गेनूच!

“मुडद्या, मग तेव्हा बोलला का नाहीस?”

गेनूनं इकडेतिकडे बघितलं नि हळूच म्हणाला, “असं कसं बोलू, आत्ये? तो व्यापारी कुठं आपल्या ओळखीचा होता?”